डाव्या बाजूचं बटण

मखमलाबादच्या मळ्यांतून जाणाऱ्या रस्त्याकडेला एक पत्र्याची शेड आहे आणि शेडपुढची जमीन मुद्दाम उतरती केलेली आहे. नवख्या माणसाला वाटतं, पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून केली असेल. तसं काही नाही. तो उतार रंगनाथ तात्यांनी आपल्या फियाटसाठी केला. मुरूम टाकून, पाणी मारून, स्वतः धुमस घेऊन ठोकून काढला. कारण फियाटचा स्टार्टर गेलेला होता, आणि स्टार्टर नसलेल्या गाडीला एक तर उतार लागतो, नाहीतर माणूस लागतं. तात्यांकडे दोन्ही होतं. उतार शेडपुढे, आणि माणूस म्हणजे त्यांची बायको, बयाबाई.

तात्या फुलांचे शेतकरी. शेवंती, झेंडू, पूर्वी गुलाबही. एका वर्षी गुलाबाला चांगला भाव लागला आणि घरात म्हैस घ्यायची की बोअर मारायचा यावर चर्चा चालू असताना हा माणूस नाशिकरोडच्या एका निवृत्त स्टेशनमास्तरांची जुनी फियाट घेऊन दारात उभा राहिला. आख्खा मळा बघायला लोटला. तात्यांच्या वडिलांनी कपाळाला हात लावला. बयाबाईनं मात्र गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर हळदीकुंकू वाहिलं, आणि कुणी काही म्हणायच्या आत पुढच्या सीटवर जाऊन बसली. तेव्हापासून ती जागा तिची.

स्टार्टर गेला तो त्यानंतर दोन-तीन वर्षांनी. पंचवटीत पेठ नाक्यापाशी वाल्मीकचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे, तिथं तेव्हा वाल्मीकचे वडील बसायचे. त्यांनी स्टार्टर उघडून बघितला, आतली कॉइल जळालीय म्हणाले, आणि दुसरा मिळेल, तोवर ढकलून काम भागवा असंही म्हणाले. तात्यांनी भागवलं. मुलगा रविराज तेव्हा नुकता शाळेत जायला लागला होता. आता रविराजची आरोही शाळेत जाते. सरकारी कामं लांबतात म्हणून आपण बोंब मारतो, पण घरातल्या ‘तोवर’ची बरोबरी कुठल्याही सरकारला जमायची नाही.

ढकलण्याची बयाबाईची एक रीत होती. पदर खोचायचा, चपला काढून मागच्या सीटवर टाकायच्या, दोन्ही तळवे डिकीवर टेकायचे आणि मान खाली घालून रेटायचं. तात्या आत क्लच दाबून, दुसरा गिअर टाकून बसलेले. गाडी वेगात आली की बयाबाई डिकीवर दोनदा थाप मारायची आणि ओरडायची, “सोडा.” तात्या क्लच सोडायचे, गाडी एक हिसका खाऊन धडधडायला लागायची. मग तात्या ती हळू चालवत न्यायचे आणि बयाबाई पळत येऊन दार उघडून आत बसायची. हे इतकं सवयीचं झालं होतं, की कोणी पाहुणा गाडीत असला आणि मदतीला उतरायला लागला तर ती त्याला म्हणायची, “बसा हो तुम्ही. तुम्हाला थाप कधी मारायची ते कळायचं नाय.”

पंचवटीत फुलं घेऊन जायचं तर तात्या गाडी नेहमी गोदावरीकडे तोंड करून लावायचे, म्हणजे उतार मिळायचा. तरीसुद्धा पहिला रेटा लागायचाच. त्यामुळे तात्या जिथं जिथं गेले, तिथं तिथं बयाबाई गेली. फुलबाजारात, खताच्या दुकानात, लग्नांना, दहाव्यांना, गावातल्या पुढाऱ्याच्या सभेलासुद्धा. मळ्यातल्या बाकीच्या बायका घराच्या उंबऱ्यात आणि वाफ्यात म्हाताऱ्या झाल्या. बयाबाईनं विंचूरचा कांदा बाजार पाहिला, दिंडोरीची द्राक्षं पाहिली, वणीचा घाट पाहिला. शेजारणी म्हणायच्या, बाई, तुला बरं सगळीकडं नेतात. बयाबाई म्हणायची, “ते मला नेत नाय. मी त्यांना नेते.” हे ती थट्टेनं म्हणायची, पण थट्टेत म्हटलेलं सगळंच काही खोटं नसतं.

मग गुडघे गेले. आधी उजवा कुरकुरायला लागला, मग डावा. ती तेल चोळायची, तंबाखूच्या पानांनी शेकायची आणि गाडी ढकलायची. शेवटी एकदा फुलबाजाराबाहेर रेटा देता देता ती जागच्या जागी खाली बसली, तेव्हा तात्यांना आरशात ती दिसेनाशी झाली. उतरून मागं येईपर्यंत नवसाबाई गजरेवालीनं तिला पाण्याचा तांब्या दिला होता. पुढे दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. घरी सोडताना डॉक्टर एकेक सूचना सांगत होते. मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, जड काही उचलायचं नाही, ढकलायचं नाही. शेवटच्या शब्दाला तात्यांनी खाली बघितलं. डॉक्टरांना बिचाऱ्यांना काही माहीत नव्हतं, ते सगळ्यांनाच तसं सांगत असणार. पण तात्यांना वाटलं, हा माणूस आपल्याकडंच बघून बोलतोय.

त्या दिवसापासून तात्यांनी एकच ध्यास घेतला. गाडीला स्टार्टर बसवायचा आणि भाऊबीजेला बयाबाईला त्याच गाडीतून कळवणला, तिच्या भावाकडे न्यायचं. ती पाय लांब करून आरामात बसली पाहिजे. तिनं बोट हलवायचं नाही. रविराजनं सांगून बघितलं, की तात्या, माझी नवी गाडी आहे, तिच्यात एसी आहे, तिच्यातून जा. पण तात्यांना फियाटपायी झालेलं देणं फेडायचं होतं, आणि ते दुसऱ्याच्या गाडीतून कसं फिटणार.

वाल्मीकनं मालेगावच्या भंगार बाजारातून त्याच जातीच्या, पण नंतरच्या मॉडेलच्या गाडीचा स्टार्टर मिळवला. नवे बुश, नवे कार्बन घालून, फिरवून दाखवला. जुन्या स्टार्टरला डॅशबोर्डखाली ओढायची मूठ होती. याच्या पाठीवर सोलेनॉइडचा, म्हणजे स्टार्टरला करंट सोडणाऱ्या स्विचचा, डबा होता आणि तो चावीनं चालणार होता. म्हणजे वायरिंग नवं करणं आलं. वाल्मीक म्हणाला, “तात्या, मी येऊन करून देतो.” तात्या म्हणाले, “तू नुसतं सांग. गाडीला हात मी लावीन.” गाडीला परक्याचा हात लागलेला त्यांना खपत नसे, आणि वाल्मीकला ते माहीत होतं.

वाल्मीकनं सांगितलं ते तात्यांना आपल्या परीनं चटकन समजलं. बॅटरीपासून स्टार्टरपर्यंत जी जाड वायर जाते ती म्हणजे पाट. तिच्यातून भरपूर पाणी येऊन उभं राहतं. चावीपासून जी बारीक वायर सोलेनॉइडला जाते ती म्हणजे दारं धरणारा माणूस. त्यानं फावड्यानं माती बाजूला केली की पाणी वाफ्यात शिरतं. आणि आलेलं पाणी परत निघून जायला चारी लागते, तशी करंटला इंजिनापासून बॉडीकडे आणि तिथून बॅटरीकडे परत जायला अर्थिंगची पट्टी लागते. उभी हयात पाणी भरण्यात गेलेल्या माणसाला याहून जास्त काय सांगायचं.

दसरा झाल्यावर काम सुरू झालं. बयाबाई शेडमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, पाय स्टुलावर ठेवून बसायची आणि पाने हातात द्यायची. तात्या गाडीखालून नुसता हात बाहेर काढायचे, आणि ती बरोबर तो पाना त्या हातावर ठेवायची. मधूनच टॉर्चचा उजेड धरायची. सूनबाई पूजा चहा घेऊन आली की म्हणायची, “आई, तुम्ही डॉक्टरांना विचारलं का, पाने द्यायची परवानगी आहे का?” त्या दिवसांत बयाबाईचा चेहरा ऑपरेशननंतर पहिल्यांदा मोकळा झाला होता. तात्या गाडीखाली होते, त्यामुळे त्यांना तो दिसला नाही.

स्टार्टर बसला. जाड वायर लागली, बारीक वायर लागली. तात्यांनी चावी फिरवली. टक् असा आवाज आला आणि पुढं काहीच नाही. परत फिरवली, परत टक्. चार-सहा वेळा केल्यावर चोक ओढायला गेले तर चोकची मूठ चटका बसण्याइतकी तापलेली. तात्या घाबरलेच. वाल्मीकला फोन लावला. तो फोनवर हसला. म्हणाला, “तात्या, चोकची तार तापली म्हणजे करंटला परतायची वाट नाय. चोरवाटेनं पळतोय तो. अर्थिंगची पट्टी बघा, जिथं बोल्ट हाय तिथं घासून पत्रा चमकवा.”

तात्यांनी वाकून बघितलं आणि त्यांना आपलीच लाज वाटली. दर खंडेनवमीला ते गाडी धुवायचे, पुसायचे आणि इंजिनाभोवतीचा सगळा पत्रा ऑइलपेंटनं रंगवायचे. ट्रॅक्टरला, नांगराला, विळ्या-खुरप्याच्या मुठींना लावून जो रंग उरेल तो फियाटला. एका वर्षी निळा, एका वर्षी हिरवा, मध्येच कधी लाल. अर्थिंगचा बोल्ट, पट्टी, पत्रा, सगळं त्या रंगाखाली गाडलं गेलं होतं. ते पॉलिश पेपर घेऊन घासायला बसले. लाल निघाला, खाली हिरवा निघाला, त्याच्याखाली निळा.

“कोणत्या सालचा आला आता?” बयाबाईनं विचारलं.

“रविराजच्या लग्नाच्या सालचा.”

“मग अजून लय खाली जायचं हाय.”

दोघं हसली. प्रेमानं फासलेल्या रंगामुळेच करंट अडला होता, हे तात्यांना कळलं. पण ते त्यांना फक्त पत्र्यापुरतं कळलं. माणसाचं शहाणपण एका वेळी एकाच खिशात मावतं.

पत्रा चमकला, बोल्ट आवळला गेला. संध्याकाळ व्हायला आली होती. तात्या आत जाऊन बसले. गाडी चालू होतेय म्हटल्यावर बयाबाई खुर्चीवरून उठली, काठी टेकत गाडीच्या मागं गेली आणि काठी भिंतीला लावून दोन्ही तळवे डिकीवर ठेवून उभी राहिली. ढकलायला नाही, तिला आता ढकलता येत नव्हतंच. गाडी सुरू होताना तिची जागा ती, म्हणून ती तिथं गेली.

तात्यांनी चावी फिरवली. इंजिन दोनदा गुरगुरलं आणि लागलं. तात्यांना इतका आनंद झाला, की त्यांनी आरशातही बघितलं नाही. गिअर टाकला आणि गाडी उतारावरून रस्त्याला काढली. बयाबाईच्या तळव्यांखालून डिकी निघून गेली. ते दोन हात क्षणभर तसेच हवेत राहिले.

तात्या थेट गावातल्या चौकापर्यंत गेले. तिथं मुद्दाम गाडी बंद केली, मुद्दाम चालू केली. पारावरच्या लोकांनी विचारलं, “तात्या, आज एकटेच?” तात्या म्हणाले, “आता एकट्यानं जमतं.” हॉटेलातून गरम जिलेबी बांधून घेतली आणि परत आले. शेडमध्ये खुर्ची होती, स्टूल होतं, पाने नीट पुसून फडक्यावर मांडून ठेवलेले होते. बयाबाई नव्हती. ती घरात जाऊन निजली होती. तात्यांनी जिलेबी पुढं केली तर म्हणाली, “बरं झालं बाई, लागली एकदाची.” आणि कूस बदलली.

दुसऱ्या दिवसापासून ती शेडकडे फिरकली नाही. चार दिवसांनी जेवताना तिनं सांगून टाकलं, की भाऊबीजेला ती रविराजच्या गाडीनं जाईल. तात्यांचा घास हातातच राहिला. एवढी खटपट कुणासाठी केली, असं त्यांच्या ओठांवर आलं होतं, पण ते गिळलं. गुडघ्याला सीट खाली पडत असेल, असा त्यांनी अंदाज बांधला. पूजाकडून एक जाड उशी मागून घेऊन सीटवर ठेवली. उशी तशीच राहिली. मग त्यांना वाटलं दार जड जात असेल, म्हणून बिजागरीला ग्रीस लावलं. नवऱ्यांची एक जात असते, तिला बायकोचं दुखणं नेहमी बिजागरीत सापडतं.

एका दुपारी ते पाणी प्यायला घरात येत होते, तेव्हा ओसरीवर पूजा आणि बयाबाई शेवंतीच्या जुड्या बांधत होत्या. पूजा म्हणत होती, आई, आता आराम करायचे दिवस आहेत, तात्यांनी किती हौसेनं गाडी केली. बयाबाईनं हातातली जुडी बांधून पूर्ण केली. मग म्हणाली, “मी आते काय कामनी शे?” आता मी काय कामाची, असं विचारणारी ही तिच्या माहेरची बोली. कळवणकडची ही भाषा ती सासरी फार थोड्या वेळा बोलली होती. आई गेली तेव्हा, रविराज तापानं फणफणला होता तेव्हा. तात्या पाणी न पिता तसेच मागं फिरले.

पहाटे ते शेवंती घेऊन पंचवटीला गेले. एकटे. रविराजनं टोपल्या चढवून दिल्या. बाजारात नवसाबाई गजरेवालीनं सगळ्यात आधी विचारलं, “बाई कुठंय?” तात्या म्हणाले, “घरी. आता गाडीला स्टार्टर बसवलाय.” नवसाबाई म्हणाली, “असं का,” आणि सुईत दोरा ओवायला लागली. एरवी दोघी बायका तासभर बोलायच्या, आणि तात्या गाडीत बसून चिडायचे.

फुलं गेली. तात्या गाडीत येऊन बसले. सवयीनं गाडी गोदावरीकडे तोंड करूनच लावली होती. त्यांनी क्लच दाबला, दुसरा गिअर टाकला आणि बसून राहिले. रिक्षा गेल्या, हातगाड्या गेल्या, नदीवरून येणारे लोक ओले कपडे पिळत गेले. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला, तेव्हा तात्यांच्या ध्यानात आलं की आपण डिकीवरच्या थापेची वाट बघतोय. हातात चावी होती. नुसती फिरवायची होती. पण हात उठेना.

इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, बयाबाई गाडी ढकलते म्हणजे कष्ट काढते. ती कष्ट काढत होतीच. त्या गुडघ्यांचं पाप त्यांच्या माथ्यावर होतंच. पण ती ढकलत होती म्हणून ती बरोबर होती. तिच्यावाचून त्यांना घरचा उतार ओलांडता येत नव्हता, आणि हे दोघांनाही माहीत होतं. आपण मोठ्या प्रेमानं तिचं ते एक काम काढून घेतलं, वर ती डिकीवर हात ठेवून उभी असताना गाडी घेऊन निघून गेलो, चौकात ‘आता एकट्यानं जमतं’ म्हणून सांगून आलो आणि तिच्यासाठी जिलेबी घेऊन आलो. तात्यांचे डोळे भरून आले. त्यांनी टोपीनं ते पुसले आणि गाडी चालू करून सरळ पेठ नाक्याला गेले.

“वाल्मीक, ट्रॅक्टरला स्टार्टरचं दाबायचं बटण असतं, तसं एक दे. चांगलं जाड.”

वाल्मीकला काही समजेना. “तात्या, चावीवर चालते ना गाडी? मग बटण कशाला?”

“चावीवर नको.”

“चोरीची भीती वाटते का?”

तात्यांनी थोडा विचार केला. “चोरीचंच समज,” ते म्हणाले.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी घर फराळात आणि रांगोळीत गुंतलेलं असताना तात्या शेडमध्ये गाडीखाली होते. या वेळी पाना हातात द्यायला कुणी नव्हतं, त्यामुळे दर वेळी बाहेर सरकून स्वतः घ्यावा लागत होता. पाठ दुखायला लागली. चावीकडून सोलेनॉइडला जाणारी बारीक वायर त्यांनी सोडवली. चावीपासून नवी वायर काढली, डॅशबोर्डच्या आतून पार डाव्या टोकाला नेली, तिथं पत्र्याला भोक पाडून बटण बसवलं, आणि बटणापासून दुसरी वायर रबराच्या बुचातून इंजिनाकडे काढून सोलेनॉइडला जोडली. दारं धरणारा माणूस त्यांनी बांधाच्या दुसऱ्या बाजूला नेऊन उभा केला. आता चावी फिरवली की दिवा लागायचा, गाडी जागी व्हायची, पण उठायची नाही. उठायला बटणच दाबावं लागणार होतं. जोडून झाल्यावर बटण दाबून बघावं असं त्यांना फार वाटलं. पण त्यांनी दाबलं नाही.

भाऊबीजेच्या सकाळी रविराजची गाडी अंगणात पुसून तयार होती. बयाबाई नवं लुगडं नेसून, ओवाळणीचं ताट पिशवीत घालून, भाऊ झुंबर आणि त्याच्या पोरांसाठी करंज्यांचा डबा घेऊन ओसरीवर आली. तात्या समोर उभे राहिले.

“माझं एक ऐक. कळवणपर्यंत नको येऊस. नुसती गाडीत बस. मग नको वाटलं तर उतर.”

तिनं त्यांच्याकडे बघितलं. धुतलेला सदरा, धुतलेली टोपी, आणि अंगठ्याच्या नखात अजून काळं तेल. ती काठी टेकत शेडकडे चालायला लागली. तात्यांनी डावं दार उघडून धरलं. ती उशीवर बसली, पिशवी मांडीवर घेतली. तात्या फिरून आपल्या जागी बसले, क्लच दाबला, गिअर टाकला, चावी फिरवली. समोर लाल दिवा लागला. तात्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि समोर बघत बसले.

“काय झालं? चला की.”

“मला नाय जमत.”

“परत बिघडली का?”

“बिघडली नाय. तुझ्यासमोर बघ, दाराकडं.”

तिनं बघितलं. डॅशबोर्डच्या टोकाला काळं, जाड, ट्रॅक्टरचं असतं तसलं बटण होतं. त्याच्याभोवती कुंकवाचं बोट लावलेलं होतं आणि झेंडूचं एक फूल खोचलेलं होतं.

“हे दाबल्याशिवाय गाडी चालू व्हत नाय,” तात्या म्हणाले. “चावी माझ्याकडं राहील. पण नुसत्या चावीनं काय बी व्हत नाय. वायरच तशी ओढलीय.”

बयाबाईनं बटणाजवळच्या फुलाला बोट लावून बघितलं. तिनं पदर सारखा केला. मग जरा आवाज चढवून म्हणाली, “आन मी नसले गाडीत तर?”

“तर गाडी जायची नाय.”

“तुमचा हात पुरतो की इथवर.”

तात्यांनी डावा हात लांब केला. तिच्या मांडीवरच्या पिशवीवरून बटणाच्या दिशेनं नेला आणि वीतभर अलीकडे थांबवला. “बघ. नाय पुरत,” ते म्हणाले. फियाट काही एवढी रुंद गाडी नव्हे. तो हात पुरला असता, हे दोघांनाही ठाऊक होतं.

“त्या दिवशी मी तुला सोडून पुढं गेलो,” तात्या समोर बघतच म्हणाले. “चुकलं माझं.”

बयाबाईनं त्यांचा तो लांब केलेला हात धरून परत स्टिअरिंगवर ठेवला. मग पदर खोचला. बसल्या जागी, काही गरज नसताना, पण खोचला. चपला काढून मागच्या सीटवर टाकल्या. अंगठ्यानं बटण दाबलं. इंजिन गुरगुरलं, थरथरलं आणि लागलं, आणि तिनं दुसऱ्या हातानं दारावर दोन थापा मारल्या.

“सोडा,” ती म्हणाली.

आणि तात्यांनी क्लच सोडला. इतक्या वर्षांचा पाय तो. त्याला कुठं कळतंय की मधल्या काळात काय काय झालं. दुसऱ्या गिअरमधली गाडी बेडकासारखी उडी मारून उतारावर आली आणि गपकन बंद पडली. डब्यातल्या करंज्या खडखडल्या. ओसरीवरून रविराज आणि पूजा धावत निघाले आणि अर्ध्या वाटेत थांबले, कारण गाडीतली दोघं हसत होती. बयाबाईच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ती ते पुसतही नव्हती.

“उतरू का ढकलायला?” तिनं विचारलं.

“नको,” तात्या म्हणाले, आणि परत क्लच दाबला. “तू दाब.”